टाळणे सोपे, मिळवणे अवघड : प्रजननदर, वंध्यत्व आणि 'टेस्ट ट्यूब बेबी'

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत देशातील पहिले संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच मुंबईतील केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्माला आली. एक प्रयत्न मूल टाळण्याचा, तर दुसरा मूल होण्यासाठीचा. अपत्यप्राप्ती नशिबावर न सोडता निर्णय दाम्पत्याच्या हाती यावा, हाच दोहोंचा हेतू होता. पहिल्यात यश मोठे आले. दुसऱ्यात निसर्गाची मर्यादा आजही कायम आहे.

घटता प्रजननदर

एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतात, यावरून एकूण प्रजननदर ठरतो. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो सुमारे २.१ असावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्राचा प्रजननदर २.९ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. याच पाहणीत देशाचा दर २.० आढळला. स्त्रीशिक्षण, उशिरा होणारे विवाह, बालमृत्यूंतील घट आणि कुटुंबनियोजनाची साधने ही या घसरणीची मुख्य कारणे होत. ही घट प्रामुख्याने दाम्पत्यांच्या निवडीतून झाली आहे. वंध्यत्व हा वेगळा प्रश्न आहे.

वंध्यत्व म्हणजे काय?

कोणतेही गर्भनिरोधक न वापरता नियमित शरीरसंबंध ठेवूनही बारा महिन्यांत गर्भधारणा न झाल्यास त्यास वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहापैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. दोष स्त्रीप्रमाणेच पुरुषातही असू शकतो. तरीही अनेक घरांत तपासण्यांची आणि टोमण्यांची सुरुवात सुनेपासूनच होते. वास्तविक पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी चाचणी आहे.

स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता वयानुसार घटते. पस्तिशीनंतर हा वेग वाढतो. शिक्षण व नोकरीत स्थिरावल्यावर पहिल्या अपत्याचा विचार करणाऱ्या शहरी दाम्पत्यांसाठी ही बाब महत्त्वाची ठरते.

कोलकाता ते मुंबई

इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जगातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्मली. त्यानंतर ३ ऑक्टोबर रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशीच मुलगी जन्माला आली. मात्र पश्चिम बंगाल सरकारच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. उपेक्षेने खचलेल्या मुखोपाध्याय यांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली. पुढे मुंबईतील यशात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह सहभागी असलेले शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनी त्यांची टिपणे तपासली आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान जाहीरपणे मुखोपाध्याय यांना दिला.

या पद्धतीत इंजेक्शने देऊन बीजकोशातील अनेक स्त्रीबीजे परिपक्व केली जातात. ती बाहेर काढून प्रयोगशाळेत शुक्राणूंशी त्यांचे फलन घडवतात आणि तीन ते पाच दिवसांनी भ्रूण गर्भाशयात सोडला जातो. प्रत्येक टप्प्यावर अपयश येऊ शकते. स्त्रीचे वय जितके अधिक, तितकी स्वतःच्या बीजापासून यशाची शक्यता कमी असते.

कायद्याची चौकट

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ मध्ये संमत झाला. त्यानुसार केंद्रांची नोंदणी सक्तीची असून उपचारांसाठी वयोमर्यादा स्त्रीला २१ ते ५०, तर पुरुषाला २१ ते ५५ वर्षे आहे. स्त्रीबीजदात्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते. लिंगनिवडीस मनाई आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने व्यापारी सरोगसीवर बंदी घातली.

कायद्याने फसवणुकीला आळा बसू शकतो. वाढत्या वयाला मात्र नाही. त्यामुळे स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असल्यास वर्षभर वाट न पाहता सहा महिन्यांतच, तीही पतिपत्नी दोघांची, तपासणी करावी, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो.