स्मार्ट कारखाना

स्मार्ट कारखाना म्हणजे ज्यातील यंत्रे, कच्चा माल, साठा आणि नियोजन विभाग संगणकीय जाळ्याने परस्परांशी जोडलेले असतात आणि उत्पादनाचे बरेचसे निर्णय त्या जाळ्यातील माहितीच्या आधारे घेतले जातात, असा कारखाना होय. केवळ यंत्रमानव बसवल्याने कारखाना स्मार्ट ठरत नाही. एकच हालचाल दिवसभर करणारा यंत्रमानव हे झाले स्वयंचलन. समोर आलेला भाग ओळखून त्यानुसार काम बदलणे आणि त्याची नोंद पुढच्या यंत्रापर्यंत पोहोचवणे हा स्मार्ट कारखान्याचा विशेष आहे. मराठीत 'चतुर कारखाना' असेही म्हणता येईल. मात्र हे चातुर्य एकेका यंत्राचे नसून मांडणीचे असते.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात मोटार कारखान्यांतील यंत्रांचे नियंत्रण रिलेंच्या तारजोडणीतून होत असे. मॉडेल बदलले की जोडणी नव्याने करावी लागे. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये यावर उपाय मागवला. डिक मॉर्ली यांच्या चमूने घडवलेल्या 'मॉडिकॉन ०८४' या प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलरमुळे तारांऐवजी आज्ञावली बदलणे पुरेसे झाले. पुढे २०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर औद्योगिक मेळ्यात 'इंडस्ट्री ४.०' ही संज्ञा मांडण्यात आली.

आम्बर्ग येथील कारखाना

बव्हेरियातील आम्बर्ग येथे सीमेन्सचा कारखाना १९८९ पासून 'सिमॅटिक' नावाचे नियंत्रक तयार करतो. कारखान्यांचे मेंदू बनवणारा हा कारखाना स्वतःही त्याच मेंदूंवर चालतो. सुरुवातीला कोरा सर्किट बोर्ड माणूस साखळीवर ठेवतो. त्यानंतर बोर्डावरील सांकेतिक खूण वाचून यंत्रे पुढील प्रक्रिया ठरवतात. प्रत्येक टप्प्यावरील तपासणीची नोंद राहत असल्याने दोष नेमका कोठे उद्भवला, हे शोधता येते. प्रारंभी १० लाखांमागे सुमारे ५०० असलेले दोष २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे १२ वर आले. जागा व मनुष्यबळ फारसे न वाढता उत्पादन मात्र अनेक पटींनी वाढले. यावरून स्वयंचलनाने रोजगार घटत नाही, असा सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. मागणी वाढत असलेल्या एका उद्योगाचे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रात

पुण्याजवळील चाकण येथे जनरल इलेक्ट्रिकने फेब्रुवारी २०१५ मध्ये विमान, रेल्वे व ऊर्जा क्षेत्रांसाठीचे भाग एकाच छताखाली बनवणारा कारखाना सुरू केला. लहान कारखानदाराला इतकी गुंतवणूक परवडणारी नसते. जुन्याच यंत्रावर कंपन व तापमान मोजणारे संवेदक बसवून बेअरिंग निकामी होण्याची पूर्वसूचना मिळवणे, हा त्याच्या आवाक्यातील मार्ग होय.

धोके

जोडलेली यंत्रे बाहेरून बिघडवताही येतात. २०१० मध्ये उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' हा संगणक-किडा सिमॅटिक नियंत्रकांवर चालणाऱ्या यंत्रणांना लक्ष्य करी. इराणमधील नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज बिघडवणे हा त्याचा हेतू मानला जातो. यंत्रांची गती बदलत असताना पडद्यावर सारे सुरळीत दिसत राही, त्यामुळे पडद्यावर विसंबलेल्या चालकाला संशय येण्याचे कारणच उरत नसे.

मार्च २०१९ मध्ये नॉर्वेतील नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला. कंपनीने खंडणी नाकारली आणि राखीव प्रतींवरून यंत्रणा पुन्हा उभी केली. तोपर्यंत अनेक ठिकाणी कागदी नोंदींवर आणि हाती नियंत्रणावर काम चालवावे लागले. ज्यांना जुनी पद्धत अवगत होती, अशा कामगारांचे ज्ञान तेव्हा उपयोगी पडले.