पराजितांची वाहने

युद्धाचा इतिहास लिहिणारे बहुधा लढाई संपली की लेखणी खाली ठेवतात. शरणागती कोठे झाली आणि तहावर सह्या कोणाच्या झाल्या, इतके सांगितले म्हणजे आपले काम पुरे झाले असे त्यांस वाटते. परंतु सैन्ये निघून गेल्यावर रणभूमीवर जे लोखंड उरते, त्यालाही स्वतःचा इतिहास असतो. जित सैन्याची शस्त्रे व वाहने जेत्याच्या हाती आल्यावर त्यांचे तो काय करतो, ह्यावरून जेत्याची गरज, त्याची दानत आणि त्याची स्मरणशक्ती ह्या तिन्हींची परीक्षा होते.

आपल्या इतिहासात ह्याचे सुंदर उदाहरण आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तेथील चर्चमधील घंटा मराठी मुलखात आणून देवळांत टांगण्यात आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकराची घंटा भाविकांच्या परिचयाच्या आहेत. त्या घंटा वितळवून तोफा ओतणे अशक्य नव्हते. तसे झाले नाही, म्हणून वसईच्या विजयाची खूण आज केवळ बखरीतच नव्हे, तर कानांनाही सापडते. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या हाती आलेल्या जर्मन वाहनांच्या वाट्याला मात्र हे भाग्य क्वचितच आले.

ह्या वाहनांपैकी ‘हाफ-ट्रॅक’ नावाची जात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे मोटारीसारखी दोन चाके आणि मागे रणगाड्यासारखे साखळीपट्टे, अशी ही संमिश्र रचना. वाटेवर मोटारीसारखे धावावे आणि चिखलात किंवा वाळूत चाके रुतू लागली की पट्ट्यांनी तारावे, असा तिचा हेतू. हॅनोव्हरच्या हानोमाग कारखान्याशी जिचे नाव जोडले गेले ती सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी सुमारे १५,००० च्या संख्येने बनली. म्युनिकच्या क्राउस-माफाय कंपनीची आठ टनी ओढगाडी तोफखान्याच्या उपयोगी पडे. ८८ मिलिमीटरची प्रख्यात जर्मन तोफ विमानांवर चाले तशीच रणगाड्यांवरही चाले. सुमारे सात टनांची ही तोफ व तिचे गोलंदाज ह्या सर्वांस एकच गाडी घेऊन जाई.

ती ८८ मिलिमीटरची तोफ पाहण्यासाठी मराठी माणसास युरोपात जाण्याचे कारण नाही. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे चिलखती दळाच्या शिक्षणकेंद्राने १९९४ साली स्थापन केलेल्या रणगाडा संग्रहालयात ती उभी आहे. तिच्याबरोबर जर्मन सैन्याची टेहळणीची जड चिलखती गाडीही आहे. तिच्या पुढच्या चिलखतावर गोळ्यांच्या आघातांच्या खुणा आहेत. ह्याच नगरात पहिल्या महायुद्धात जर्मन स्थानबद्धांची छावणी होती. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर पुन्हा जर्मन व ऑस्ट्रियन लोकांस येथे आणून ठेवले गेले. पुढे तिबेटात जाऊन प्रसिद्धीस आलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर हा त्यांपैकीच एक. ती माणसे यथाकाल आपापल्या देशी गेली. त्यांच्या देशाचे लोखंड मात्र नगरास येऊन राहिले.

तोफ नगरास पोहोचली, परंतु तिला ओढणाऱ्या हजारो गाड्यांचे पुढे काय झाले? अनेकांचा शेवट भट्टीत झाला, आणि त्याचे कारण त्यांच्या रचनेतच होते. जर्मन अभियंत्यांनी पट्ट्यांच्या आतील चाके एकमेकांत गुंतवून बसविली होती. सांध्यांना वंगण पुरवावे लागे आणि पट्ट्यांवर रबराचे ठोकळे बसवावे लागत. चालण्यास ही गाडी सुखाची, पण दुरुस्तीस अत्यंत कष्टाची. आतले एक चाक काढावयाचे तर बाहेरची काढल्यावाचून गत्यंतर नसे. रशियाच्या हिवाळ्यात चाकांमधील चिखल रात्रीत गोठे आणि सकाळी गाडी हलत नसे. कारखाने उद्ध्वस्त झाल्यावर सुटे भाग मिळेनात, आणि जे वाहन दुरुस्त होत नाही त्याची किंमत त्याच्या लोखंडाच्या वजनाइतकीच उरते.

तरीही काहींना दुसरा जन्म मिळाला. ब्रिटिशांनी आठ टनी ओढगाडीवरून आपल्या व्हॉक्सहॉल कंपनीकडून थोडे नमुने करवून घेतले. पण युद्ध संपले आणि योजनाही संपली. पुढे मोटारसायकल आणि मागे पट्टे अशी ‘केटेनक्राड’ नावाची चिमुकली गाडी तर तिच्या कारखान्याने युद्धानंतरही काही वर्षे शेतीच्या व जंगलाच्या कामासाठी बनविली. झेकोस्लोव्हाकियाची कथा सर्वांत चमत्कारिक आहे. जर्मन ताब्यात असताना तेथील कारखाने हानोमागच्या नमुन्याच्या गाड्या तयार करीत. ज्यांनी देश गिळला त्यांच्याच गाडीचा आराखडा स्वतंत्र झालेल्या झेकांनी जवळ ठेवला, त्यावर पोलादी छत चढविले, तात्राचे डिझेल इंजिन बसविले आणि १९५८ पासून सुमारे १,५०० गाड्या आपल्या सैन्यासाठी तयार केल्या. सैन्याने त्या टाकून दिल्यावर चित्रपटवाल्यांनी उचलल्या. पडद्यावर दिसणारी जर्मन गाडी पुष्कळदा अशी झेक गाडी असते, हे प्रेक्षकास कळतही नाही.

इतर जर्मन वाहनांचेही असेच. फ्रान्सने हाती आलेले पँथर रणगाडे युद्धानंतर काही काळ आपल्या पलटणीत वापरले. सीरियाने युरोपातून जुने जर्मन रणगाडे विकत घेतले. १९६७ च्या युद्धापर्यंत ते गोलानच्या टेकड्यांवर तोफांच्या मोर्च्यांसारखे उभे होते. त्यांपैकी एक पुढे इस्रायलच्या संग्रहालयात गेला. एकाच रणगाड्याने दोन पराभव पाहावे, हे दैव विचित्र खरेच.

हा सारा परका इतिहास आहे, त्याच्याशी मराठवाड्यातील सेनगावच्या वाचकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. सेनगावच्या पूर्वेस असलेले हिंगोली हे निजामाच्या राज्यातील ‘हैदराबाद कंटिंजंट’ ह्या फौजेचे ठाणे होते. ह्या फौजेच्या रिसाल्यांतून पुढे ‘डेक्कन हॉर्स’ ही पलटण उदयास आली. १९१६ च्या जुलै महिन्यात फ्रान्समध्ये सोमच्या रणात ह्या पलटणीच्या स्वारांनी भाले सरसावून जर्मनांवर घोडे घातले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, त्याच सोमच्या रणात जगातील पहिले रणगाडे उतरले. घोड्याचे युग आणि लोखंडाचे युग ह्यांमध्ये डेक्कन हॉर्सच्या बाबतीत दोन महिन्यांचे अंतर होते असे म्हणावयास हरकत नाही.

१९४५ साली हीच पलटण शर्मन रणगाडे घेऊन ब्रह्मदेशात मेइक्तिलापर्यंत गेली. पुढे १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातील असल उत्तर येथे तशाच जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी ती नव्या अमेरिकी पॅटन रणगाड्यांसमोर उभी राहिली. तेथे हाती आलेले पॅटन देशभर छावण्यांतून व चौकांतून विजयचिन्हे म्हणून उभे केले गेले. नगरच्या संग्रहालयातही पॅटन आहे. हिंगोलीच्या माळावर ज्या परंपरेचे घोडे फिरले, तिची कथा अशी नगरच्या त्या आवारात येऊन मिळते.

जर्मन तोफेसमोर उभे राहिलेल्या मराठी माणसाचा मागही येथूनच लागतो. नामदेव जाधव हा नगर जिल्ह्यातील निमजचा शेतकऱ्याचा मुलगा, मराठा लाइट इन्फंट्रीचा साधा शिपाई. इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी त्याने सुरुंग पेरलेल्या वाटेने दोन जखमी सोबत्यांस उचलून नेले. मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनची ठाणी बंद पाडली. हात जायबंदी झाल्यावर तो हातबाँब फेकून लढला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी इटलीतच माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे ह्याने मशीनगनचे ठाणे एकट्याने घेतले आणि तो तेथेच पडला. त्यालाही मरणोत्तर तोच सन्मान लाभला.

आता प्रश्न उरतो तो आपल्या स्मरणशक्तीचा. ज्यांना पदके मिळाली त्यांची नावे ग्रंथांत राहिली. परंतु पदक न मिळालेले कित्येक मराठी जवान आफ्रिकेच्या वाळूत आणि इटलीच्या चिखलात ह्याच जर्मन गाड्यांसमोर गेले होते. त्यांच्या आठवणी घरातील पेटीत पडलेल्या पत्रांत असतील, नाही तर कोणाच्याच लक्षात नसतील. तोफेवर गंज चढू नये म्हणून तिला रंग देणारा कोणी तरी असतो. कागदावर वाळवी चढली तर ती झटकणारा घरातल्यावाचून दुसरा कोणी नाही.

चौकात उभा केलेला रणगाडा मुलांना चढण्याउतरण्याची जागा होतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण तो कोठे हाती लागला, कोणत्या पलटणीने घेतला आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंची किती माणसे पडली, एवढे चार ओळींत मराठीत लिहिलेला फलक त्याच्याशेजारी असावा. तो फलक नसेल तर ते लोखंड केवळ शोभेचे राहते. आणि ज्यांच्या घरी त्या युद्धातील एखादे पत्र, एखादे पुस्तक किंवा पलटणीतील एखादे छायाचित्र असेल, त्यांनी त्याच्या मागे नाव, गाव व साल लिहून ठेवावे. पुढच्या पिढीने हे काय म्हणून विचारले, तर उत्तर देण्यास तेवढे पुरेल.