निस्तारापासून सूर्यघरापर्यंत : झाडीपट्टीतल्या एका छपराचा मागोवा

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातल्या एकोडीत आज एखाद्या कुटुंबाला छपरावर सौरपट्ट्या बसवायच्या असतील, तर केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये देते. तीन किलोवॅटांपर्यंत ही रक्कम ७८,००० रुपये होते. प्रधानमंत्री सूर्यघर योजना १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली, एक कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट ठरले आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. वर्तमानपत्रांतून ही योजना अगदी नवी कल्पना म्हणून मांडली गेली. पण वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या धानाच्या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, राजसत्तेचा हात रयतेच्या छपराला पहिल्यांदा लागला, त्याला दीडशे वर्षे उलटून गेली आहेत. तेव्हा अनुदान हा शब्द नव्हता, निस्तार हा होता. त्या निस्तारापासून सौरपट्टीपर्यंतची वाट आपण आज चालून पाहू. तिच्यावर पुष्कळ वळणे आहेत आणि काही ठिकाणी हातातले मोलाचे निसटूनही गेले आहे.

आधी जुने घर पाहू. झाडीपट्टीतल्या घराच्या भिंती मातीच्या रद्द्यांच्या, नाहीतर बांबूच्या कुडावर चिखल लिंपलेल्या. समोर सपरी, जमीन शेणाने सारवलेली, भिंती पांढऱ्या मातीने पोतलेल्या. वर सागाच्या किंवा आडजात लाकडाचे फाटे, त्यांवर बांबू आणि बांबूंवर कवेलू. ज्याला कवेलू परवडत नसे त्याच्या घरावर गवत किंवा धानाची तणस. कवेलू गावचा कुंभारच घडवी. चाकावर एका टोकाला निमुळती होत जाणारी नळी ओढायची, ती ओली असतानाच उभी चिरायची आणि दोन अर्धगोल भाग सुकवून भट्टीत भाजायचे. छपरावर एक थर उताणा आणि त्यावर दुसरा पालथा. या दोन थरांच्या मध्ये जी हवा कोंडत नसे, सतत सरकत असे, तीच या घराची खरी ताकद होती. वैशाखात पारा ४५ अंशांकडे निघाला की वरचे कवेलू तापे, पण ती उष्णता फटींतून निघून जाई. संध्याकाळ झाली की पातळ मातीचे ते कवेलू चटकन निवत असे. चुलीचा धूरही त्याच फटींतून बाहेर पडे. खाली लाकडी फळ्यांचा किंवा बांबूचा माळा असेल तर धान्याला जागा आणि घराला दुसरे आच्छादन मिळे. भिंतीची जाड माती दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत आत येऊ देत नसे. हे सारे कोणी मोजून ठरवले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उन्हाळ्यांनी ते ठरवले होते.

या घराला दरवर्षी मेहनत लागे. पावसाळ्याच्या तोंडावर घर फेरावे लागे, म्हणजे कवेलू उतरवून, फुटके बाजूला काढून, पुन्हा नीट रचावे लागे. माकडांनी धुडगूस घातला की मधूनच गळती सुरू होई. फाट्यांना वाळवी लागे. म्हणजे घर उभे करायला जेवढे लाकूड लागे त्याहून अधिक ते टिकवायला लागे, आणि ते लाकूड जंगलातून येई. इथेच राजसत्ता आपल्या कथेत शिरते.

१८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत गावचे मालगुजार गावाचे मालक ठरले. गावठाणाबाहेरचे पडीक रान, झुडपी जंगल, तलाव त्यांच्या नावे लागले. पण रयत त्या रानाशिवाय जगू शकत नव्हती, हे जमाबंदीच्या अंमलदारांनाही दिसत होते. म्हणून प्रत्येक गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या चालीरीतींच्या नोंदवहीत, रयतेचे हक्क लिहिले गेले. जळणाचे लाकूड, गुरांची चराई, औताचे लाकूड आणि घरासाठी बांबू-फाटे हे ते हक्क. यालाच निस्तार म्हणत. १८७८च्या वन कायद्याने सरकारी जंगलाभोवती कुंपण पडले तरी निस्ताराची सवलत, कधी फुकट तर कधी अल्प दराने, चालू राहिली. माझ्या मते या प्रदेशातल्या घरांना मिळालेली सर्वांत जुनी सरकारी मदत हीच. ती रोख नव्हती, अर्ज-मंजुरीच्या फेऱ्यांत फारशी अडकलेली नव्हती आणि दरवर्षीच्या दुरुस्तीलाही लागू होती. घर बांधताना एकदाच हात देऊन ती बाजूला होत नसे. पुढच्या कुठल्याही योजनेत हा गुण पूर्णपणे परत आला नाही. १९५१ साली मालगुजारी संपली, गावरान शासनाकडे गेले. १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. तरी १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत विदर्भापुरती निस्तार पत्रकाची तरतूद राहिली. कागदावर ती आजही आहे. तिचा आधार असलेले जंगल मात्र तेव्हाचे राहिले नाही.

दरम्यान छपराचे दोन नवे वारसदार दूरदेशी जन्मले होते. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचे पेटंट घेतले. त्याच कल्पनेवरचे कौल बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरच्या कारखान्यात काढायला सुरुवात केली आणि मंगलोरी कौल कोकणापासून देशभर पोहोचले. लंडनमध्ये हेन्री पामर यांनी १८२९ साली पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले होते. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे भंडाऱ्याच्या मुलखातून गेली आणि पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वेच्या रुंद मार्गात सामावली. आधी स्टेशनांच्या इमारतींवर आणि गोदामांवर दिसणारा पत्रा मग हळूहळू गावात उतरला. पत्र्याला फेरावे लागत नाही, माकडाने तो फुटत नाही, त्याला लाकूडही कमी लागते. ज्यांनी तो घेतला त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. पण कवेलूच्या दोन थरांमधली हवा त्या दिवशी घराबाहेर गेली.

१९३०च्या दशकात विदर्भातच या सगळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहणारी माणसे जमली होती, आणि या मागोव्यात मला सर्वाधिक जिव्हाळा वाटतो तो त्यांच्याविषयी. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले आणि मीराबेन यांच्या देखरेखीखाली माती, बांबू आणि कवेलूच्या कुट्या उभ्या राहिल्या. त्या आजही पाहता येतात. एप्रिलच्या दुपारी बापूकुटीच्या उंबऱ्याआत पाऊल टाकले की फरक अंगालाच कळतो. मगनवाडीत धूर बाहेर नेणारी मगन चूल घडली. रॉकेलऐवजी अखाद्य वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप तयार झाला. घरातल्या जळणाचा आणि उजेडाचा विचार गावाच्या हाती असलेल्या साधनांतून करायचा, हे त्यामागचे सूत्र. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देवेंद्रकुमार यांच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने वर्ध्यातच कुंभाराच्या चाकावर घडणाऱ्या शंकूच्या आकाराच्या कौलांचे छप्पर तयार केले. पोकळ कौले एकात एक गुंफून त्यांची कमान करायची, म्हणजे लाकडी फाटे नकोत, लोखंड जवळजवळ नको आणि पोकळीत हवा राहतेच. निस्ताराच्या जंगलावर भार न टाकता कवेलूचा गुण जपणारे हे छप्पर एकोडीपासून फार लांब नव्हते. तरीही कोणत्याही मोठ्या घरकुल योजनेने त्याला आपले म्हटले नाही, याची खंत वाटते.

१९७३च्या तेलसंकटानंतर थंड देशांतली सरकारे घराच्या उष्णतेचा हिशोब मांडू लागली. अमेरिकेने १९७६ साली गरिबांची घरे हवाबंद करून देण्याचा कार्यक्रम सुरू केला, ब्रिटनने १९७८ साली छपराखाली ऊबदार थर घालण्यासाठी अनुदानाचा कायदा केला. आपल्याकडे मात्र ऊर्जेची मदत आली ती चुलीच्या वाटेने. गोबर गॅसची जुनी नोंद मुंबईच्या माटुंग्यातल्या कुष्ठरुग्णालयातली, १८९७ची. जशभाई पटेलांनी १९५०च्या दशकात शेणाचे संयंत्र सुटसुटीत केले, खादी आयोगाने १९६०च्या दशकापासून ते गावोगाव नेले, आणि १९८१-८२पासून राष्ट्रीय प्रकल्प म्हणून त्याला अनुदान मिळू लागले. १९८३मध्ये सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेच्या घरात शौचालयाबरोबर निर्धूर चूलही असावी, असे ठरले. मगन चुलीचा धागा असा पन्नास वर्षांनी सरकारी घरात पोहोचला. १९९९-२०००पासून या योजनेतला २० टक्के निधी कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी राखला गेला आणि घरामागे १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू लागली. आहे ते घर दुरुस्त करण्यासाठी केंद्राने हात पुढे केला, असे हे विरळ उदाहरण. त्यानंतर पुन्हा सगळा भर नव्या बांधकामावर गेला.

नवे बांधकाम म्हणजे स्लॅब. २० नोव्हेंबर २०१६ रोजी इंदिरा आवासची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात १,२०,००० रुपयांचे साहाय्य असे तिचे स्वरूप. ‘पहल’ या नावाने स्थानिक साहित्याच्या घरांचे आराखडेही काही राज्यांसाठी तयार करून घेतले गेले, आणि ते काम चांगले होते. तरी गावात घरकुल म्हणजे विटांच्या भिंती आणि वर चार-पाच इंचांची काँक्रीटची लादी हेच समीकरण रुजले. कारणे समजण्याजोगी आहेत. स्लॅब गळत नाही, जळत नाही, तिला फेरावे लागत नाही; वर धान वाळवता येते आणि उद्या मजलाही चढवता येतो. गळक्या कवेलूखाली जिने आषाढ काढले आहेत तिला स्लॅबमध्ये काय मिळाले, हे बाहेरच्याने शिकवू नये. पण उघडी स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खालच्या खोलीत सोडते. मे महिन्यात मग माणसे अंगणात किंवा छतावर बाज टाकतात, आणि ज्यांना जमते ते कूलर घेतात. वाळ्याचे ताटे ओले करून दाराला लावण्याची रीत गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत होती. विदर्भातला कूलर त्याच कुळातला. तो तास न्‌ तास चालतो आणि वीज खातो. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा पहिला संच १९७४चा, आणि एकोडीच्या अंगाला लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्यातले तिरोड्याचे ३३०० मेगावॅटचे केंद्र त्यानंतरच्या दशकांचे अपत्य. ज्या मुलखात कोळसा जाळून इतकी वीज तयार होते, तिथल्याच घरांचे छप्पर ती वीज वाढत्या प्रमाणात मागते, याचा विचार घरकुलाच्या नकाशात कधी झाला नाही.

वीज वाचवण्याचा विचार झाला तो उपकरणांपुरता. ५ जानेवारी २०१५ला उजाला योजना सुरू झाली आणि मोठ्या खरेदीमुळे एलईडी दिव्याचा घाऊक दर ३१० रुपयांवरून ४०च्या खाली आला. ६० वॅटचा पिवळा दिवा गावातून हद्दपार झाला. २०२३च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांनाही तारांकन सक्तीचे झाले. घराच्या भिंती-छपरांसाठीही डिसेंबर २०१८मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. छपरातून किती उष्णता झिरपावी याची मर्यादा तिने घातली. उघडी काँक्रीट लादी त्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट उष्णता आत घेते. मात्र ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या निवासी प्रकल्पांसाठी आहे. घरकुलाला ती लागूच होत नाही. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्याच्या सीमेला लागून असलेल्या आणि तेवढ्याच तापणाऱ्या विदर्भाला त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

आता आपण पुन्हा सूर्यघरापाशी येतो, आणि इथे एक तारीख मला महत्त्वाची वाटते. ४ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलाला राज्याच्या तिजोरीतून आणखी ५०,००० रुपये देऊ केले. त्यांतले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० एक किलोवॅटपर्यंतच्या सौर यंत्रणेला. सौर यंत्रणा बसवली नाही तर ते १५,००० मिळत नाहीत. त्याच वर्षी आलेल्या राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० मिळतात. निवारा आणि वीज यांचे अनुदान घरकुलाच्या एकाच मंजुरीत एकत्र येण्याची ही आपल्याकडची पहिली वेळ. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून महिन्याला शंभरेक युनिट निघतात. दिवे, पंखे आणि उन्हाळ्यातला कूलर त्यात भागू शकतो. २५ चौरस मीटरच्या घराच्या छपराचा मोठा तुकडा पट्ट्यांच्या सावलीत येतो आणि पट्टी व लादी यांच्यामध्ये वारा खेळतो, हा लाभ हिशोबात धरलेला नाही, पण तो खरा आहे. कवेलूच्या दोन थरांमधली ती हवा काही अंशी अशी परत आली आहे. मात्र फाटे वाकलेल्या, कवेलूच्या घरावर ही यंत्रणा सहजी बसत नाही, म्हणून अजून घरकुलाच्या यादीत नाव न आलेले कुटुंब या मदतीपासूनही लांब राहते. घरकुलाच्या उरलेल्या पंधरा चौरस मीटर उघड्या लादीने ऊन पिऊ नये म्हणून तिच्यावर दरवर्षी फाल्गुनात चुन्याचे दोन हात मारायला किती खर्च येतो, हे गावातला कोणताही गवंडी सांगेल. रंगारी, चुना आणि डिंक धरून तो घरकुलाच्या रकमेपुढे फारच थोडा आहे, आणि निस्तारासारखा तो दरवर्षी द्यावा लागेल. ग्रामपंचायतींच्या उन्हाळी आराखड्यात त्याला आधी जागा मिळावी, मग राज्याच्या पुढच्या शासन निर्णयात.