भट्टीचं घराणं

जुन्या गाड्या जपणाऱ्यांमध्ये चाकांवरून हमखास वाद होतो. फियाट असो वा मॉरिस मायनर, तिची चाकं पूर्वीसारखी फवाऱ्यानं रंगवायची की पावडर कोटिंग करून घ्यायची? पावडर म्हणजे फ्रिज नि खिडक्यांच्या चौकटींची, आजकालची गोष्ट. जुन्या गाडीला ती परकीच, असं अनेकांचं मत. मला ते पटत नाही. पावडरचं कूळ मोटारीपेक्षाही जुनं आहे आणि त्या घराण्याचं कुलदैवत आहे भट्टी.

सतराव्या शतकात पूर्व आशियातून काळ्या चकचकीत पेट्या युरोपात येऊ लागल्या. तो काळा थर तिकडच्या एका झाडाच्या चिकाचा. हे झाड युरोपात नव्हतं, म्हणून तिथल्या कारागिरांनी नक्कल सुरू केली. लाकडावर ते हिंदुस्थानातून जाणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे थर चढवत. पत्र्यासाठी वेगळी वाट निघाली. वेल्समधल्या पाँटिपूल गावी ऑलगुड घराण्यानं पत्र्यावर जवसाच्या तेलाचं रोगण लावून ते भट्टीत भाजायला सुरुवात केली. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल याच धंद्यात श्रीमंत झाला आणि त्याच पैशाच्या बळावर पुढं छपाईकडे वळला. त्याच्या नावाचा टाइप आजही पुस्तकांत दिसतो.

भाजल्यानं होतं काय? उष्णतेमुळे रोगणातले रेणू एकमेकांना झटपट आणि घट्ट जोडले जातात. नुसत्या हवेवर वाळलेल्या थरापेक्षा हा थर कडक होतो, पत्र्याला चिकटून राहतो, सहजी ओरखडत नाही.

मोटारींच्या कारखान्यांना हेच हवं होतं. फोर्डच्या ‘मॉडेल टी’चे मडगार्ड आणि इतर लोखंडी भाग काळ्या रोगणात न्हाऊन भट्टीतून निघत. तिची चाकं मात्र बरीच वर्षं लाकडी आऱ्यांची होती. ती रंगात बुडवून गरागरा फिरवत, म्हणजे जास्तीचा रंग उडून जाई; लाकूड भट्टीत कसं भाजणार? चाक पोलादाचं झाल्यावर, आधी तारांचं आणि मग पत्र्याच्या डिस्कचं, त्यालाही भट्टीचं दार उघडलं. पुढं १९२४च्या सुमारास झटपट वाळणारा ‘ड्युको’ रंग आला आणि गाडीच्या बॉडीनं वेगळी वाट धरली. पण चाकाला खडी लागते, चिखल लागतो, ब्रेकची धग लागते. म्हणून इंग्लंडमध्ये एमजीसारख्या गाड्यांची तारांची चाकं भट्टीत भाजलेल्या रंगातच येत राहिली.

या घराण्यातली पुढची पिढी जर्मनीत जन्मली. एर्विन गेमर यांनी १९५३ साली एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. सच्छिद्र तळाच्या टाकीत प्लास्टिकची भुकटी घालायची आणि खालून हवा सोडायची. भुकटी आधणाच्या पाण्यासारखी खळखळू लागते. तापवलेली वस्तू तीत बुडवली, की भुकटी तिच्यावर वितळून बसते. रंगातलं पातळ द्रावकच इथं गळून पडलं. थर मात्र जाड येई, त्यामुळे सुरुवातीला तो विजेच्या भागांवर आणि पाइपांवरच शोभला. साठच्या दशकात विद्युतभार देणारी बंदूक आली. भुकटीचे कण भारित होऊन अर्थिंग केलेल्या धातूकडे ओढले जाऊ लागले आणि थर ६०-८० मायक्रॉनपर्यंत उतरला. त्याच सुमारास, १९६६ साली, लॉस एंजेलिसनं द्रावकांच्या वाफांवर निर्बंध घातले आणि कारखानदारांचं लक्ष द्रावक नसलेल्या या भुकटीकडे वळलं.

आता चाकाकडे येऊ. टायर काढून, सँडब्लास्टिंग करून चाक उघडं पाडलं की गंजाखालच्या चिरा दिसतात. माझ्या मते ही पहिली पायरीच सगळ्यात मोलाची. जुनं चाक रंगापेक्षा चिरेमुळे जीव घेतं. मग पावडर मारून १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं भाजायचं. नेहमीची लांबी ही धग सोसत नाही, म्हणून खड्डे तिनं बुजवून चालत नाही. खोल कोपऱ्यांत विद्युतक्षेत्र पोचत नाही, तिथं थर पातळ राहतो. चांगला कारागीर तिथं हात थांबवून पावडर मारतो. ओतीव ॲल्युमिनियममध्ये अडकलेला वायू भाजताना बुडबुडे काढतो, म्हणून ते चाक आधी कोरडंच तापवून घेतात. आणि नट जिथं बसतो तो खळगा झाकायलाच हवा. तिथं जाड थर राहिला तर तो दबत जातो आणि घट्ट आवळलेला नट पुढं सैल पडतो.

कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आलेल्या फियाटच्या पोलादी डिस्कवर मी पावडर निःशंक मारून घेईन. १९६६ साली पोर्शे ९११ एसवर आलेल्या फुक्सच्या चाकावर मात्र नाही. ते घडीव ॲल्युमिनियमचं चाक. त्याची ताकद ठरावीक तापमानाच्या प्रक्रियेतून आलेली, आणि भट्टीत ती कमी होण्याचा धोका असतो. शिवाय त्याची चमक ॲनोडायझिंगची, म्हणजे धातूचीच बनलेली कातडी. ती काढताना मूळ धातूही थोडा जातो. त्या चाकाचं कूळच वेगळं आहे. त्याला पुन्हा ॲनोडायझिंगच करावं.