मुंबईच्या पायवाटा आणि बायका



चालणे हा काही आपणां बायकांना नवा विषय नाही. आपल्या नरखेड तालुक्यातली बाई जन्मभर चालतच असते. वावरात जाते, संत्र्याच्या बगीच्यात जाते, आठवडी बाजाराला जाते, मुलांना शाळेत पोचवते. पण या प्रत्येक चालण्यामागे काम असते. डोक्यावर पाटी, कडेवर मूल किंवा हातात पिशवी असल्याशिवाय बाई रस्त्याने निघाली, की चार जण विचारतात, "कुठे निघालात?" "सहज, चालायला" हे उत्तर आपल्या तोंडून सहज निघत नाही.

आता आपल्यापैकी पुष्कळ जणींची मुले-मुली नोकरीनिमित्त मुंबईस राहतात. आपण कधी नातवंडासाठी, कधी औषधपाण्यासाठी तिकडे जातो. आठशे किलोमीटरचा प्रवास करून जातो आणि महिनाभर दोन खोल्यांत बसून परत येतो. समुद्र पाहिला काय, तर गाडीच्या खिडकीतून! म्हणून या स्मरणिकेत मुंबईतल्या एका-एका दिवसात पायी करण्याजोग्या काही फेऱ्यांची माहिती, त्यांच्या इतिहासासह, द्यावी असे योजिले आहे. हा इतिहास वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. आज ज्या वाटांनी सारी मुंबई हिंडते, त्यांतल्या कितीतरी वाटांमागे कुणी ना कुणी बाई उभी आहे.

प्रथम मुंबईची थोडी ओळख. आजची सलग मुंबई मूळची सात बेटे होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. तेथे कोळी लोकांची वस्ती होती व त्यांच्या मुंबादेवीवरून गावाला नाव पडले. १५३४ साली गुजराथच्या सुलतानाकडून ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले, तेव्हा ती आंदणात इंग्रजांना मिळाली. राजाने १६६८ साली ती अवघ्या दहा पौंड वार्षिक भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ बांध घालून, खाड्या बुजवून, दगडमातीची भर घालून ही बेटे जोडली गेली. मुंबईत आपण चालतो त्यातली पुष्कळशी जमीन एकेकाळी समुद्र होती.

पहिली फेरी : बोरीबंदर ते पालवा बंदर

आपल्याकडची गाडी जेथे थांबते तेथूनच ही फेरी सुरू करावी. आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणजे जुने बोरीबंदर. येथूनच १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास गेली. येथून दक्षिणेस निघाले की दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक लागतो. आपण नागपूरकडची माणसे १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. तो महाराष्ट्र मुंबईसह मिळावा म्हणून ज्यांनी प्राण दिले, त्यांचे हे स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच जागी गोळीबार झाला होता. येथे क्षणभर थांबून नमस्कार करावा.

तेथून पश्चिमेस वळले की विद्यापीठ आणि त्याचा उंच राजाबाई टॉवर दिसतो. उंची २८० फूट. १८६९ साली काम सुरू होऊन १८७८ साली तो पुरा झाला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने त्यासाठी देणगी दिली व आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव त्याला दिले. आई आंधळी होती आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा तिचा नेम होता, तिला घंटेवरून वेळ कळावी म्हणून हा मनोरा बांधला, अशी गोष्ट सांगतात.

या मनोऱ्याचा आपल्याशी काय संबंध? १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस विलायतेस मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंदासारख्या व्यापाऱ्यांनी त्या तेजीत अलोट पैसा मिळवला. नागपूरपर्यंत रेल्वे आली ती १८६७ साली, पण त्याआधीही शेजारच्या वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून मुंबईच्या बंदराकडे जात होता. कापूस वेचणारे हात बहुतेक बायकांचेच असतात, हे आपणास कुणी सांगायला नको. मनोऱ्याकडे पाहताना राजाबाईबरोबर त्या अनाम वेचणाऱ्या बायांचीही आठवण ठेवावी.

मनोऱ्यासमोर ओव्हल मैदान आहे. मुंबईच्या किल्ल्याचे तट १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर फ्रियर याने पाडले. तटाबाहेरच्या मोकळ्या पटांगणाचे जे तुकडे शिल्लक राहिले त्यांतले हे एक. त्या काळी समुद्र मैदानाच्या अगदी जवळ होता. पलीकडच्या बाजूच्या गोलसर सज्ज्यांच्या इमारती भर घातलेल्या जमिनीवर पुढे उभ्या राहिल्या. मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या या इमारतींना २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला.

पुढे गेट वे ऑफ इंडिया. या जागेचे जुने नाव पालवा बंदर. १९११ साली इंग्लंडचा राजा व राणी येथे उतरली, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली व ४ डिसेंबर १९२४ रोजी ती खुली झाली. पण काळाचा महिमा पाहा! २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. आज समोरच शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. येथून घारापुरीच्या लेण्यांना बोट जाते, साधारण तासाभराचा प्रवास आहे. पावसाळ्यात मात्र बोटी चालू आहेत का, ते आधी विचारून जावे. ज्यांना पहाटे उठवत असेल त्यांनी कुलाब्याच्या ससून गोदीकडे जावे. १८७५ साली कापसाच्या व्यापारासाठी बांधलेली ही गोदी आता मासळीची झाली आहे. आपण मासळी खात नसलो तरी कोळणींचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. लिलावात त्या कुणाला हार जात नाहीत.

दुसरी फेरी : मरीन ड्राईव्ह, चौपाटी, गवालिया टँक

मरीन ड्राईव्ह हा समुद्राकाठचा वळणदार रस्ता सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे. समुद्रात भर घालण्याच्या योजनेतून तो झाला. त्या योजनेत पैशाची जी उधळपट्टी झाली ती खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी १९२६ च्या सुमारास उघडकीस आणली आणि त्यांच्यावरच खटला झाला. ते निर्दोष सुटले. रस्त्याच्या दक्षिण टोकाला आज त्यांचेच नाव आहे. उन्हे उतरल्यावर नरिमन पॉइंटहून निघावे आणि वारा अंगावर घेत चौपाटीपर्यंत जावे. तिकीट नाही, पास नाही. दमलो तर कठड्यावर बसावे, कुणी उठवत नाही.

गिरगाव चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांना अग्नी दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण याच वाळूवर बायकांनी काय केले ते फारसे सांगितले जात नाही.

१२ मार्च १९३० रोजी महात्माजी साबरमतीहून मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीला पायी निघाले. बरोबर निवडलेले सत्याग्रही होते, पण त्यांत एकही स्त्री नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांना हे पटले नाही. त्या वाटेत गांधीजींना जाऊन भेटल्या आणि बायकांनाही या लढ्यात येऊ द्या, असा आग्रह धरला. गांधीजींनी ते मानले. ६ एप्रिलला मुंबईच्या किनाऱ्यावर कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत कमलादेवी होत्या आणि त्यांच्यासोबत होत्या अवंतिकाबाई गोखले. चूल पेटवून खारे पाणी आटवणे! बायकांचे रोजचेच काम, पण त्या दिवशी त्या कामाने सरकार हादरले. पुढे कमलादेवींनी शेअर बाजारात शिरून मिठाच्या पुड्या विकल्या. त्या वर्षी मुंबईच्या गल्ल्यागल्ल्यांतून देशसेविकांच्या प्रभातफेऱ्या निघत. घराचा उंबरा क्वचितच ओलांडलेल्या कितीतरी बाया पहिल्यांदा रस्त्याने चालल्या त्या अशा.

चौपाटीहून थोडे वर गेले की गवालिया टँकचे मैदान लागते. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे सर्व पुढारी पकडले गेले, तेव्हा येथे अरुणा असफअली यांनी तिरंगा फडकवला. आता ते ऑगस्ट क्रांती मैदान. पायांत बळ उरले असेल तर मलबार टेकडी चढावी. वर १८८१ साली पाण्याच्या टाकीवर केलेली बाग आहे, शेजारच्या कमला नेहरू बागेत मुलांचा आवडता म्हातारीचा बूट आहे, आणि उतारावर वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव आहे. खाऱ्या समुद्राच्या इतक्या जवळ गोड्या पाण्याचे कुंड पाहून मन प्रसन्न होते.

तिसरी फेरी : महालक्ष्मी आणि हाजी अली

महालक्ष्मी व वरळी यांच्यामधून समुद्राचे पाणी आत शिरून मोठा भाग बुडवीत असे. गव्हर्नर हॉर्नबी याच्या काळात, १७८० नंतरच्या वर्षांत, तेथे बांध घातला गेला. बांध टिकेना, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि मग बांध उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. आजचे महालक्ष्मीचे देऊळ १८३१ सालचे. दर्शन घेऊन समुद्राकडे पाहिले की हाजी अलीचा दर्गा दिसतो. तेथे जाणारी वाट पाण्यातून आहे, भरतीला ती बुडते. म्हणून ओहोटीची वेळ विचारूनच निघावे.

या वाटेचा अगदी अलीकडचा इतिहासही सांगितला पाहिजे. २०१२ च्या सुमारास दर्ग्याच्या आतल्या गाभाऱ्यात बायकांना जाण्यास बंदी झाली. पूर्वी त्या जात असत. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन या संस्थेच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमन या दोघी भगिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबर अखेरीस बायका पुन्हा आत गेल्या. वाट एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली, असे समजू नये, हा यातला धडा.

चौथी फेरी : शिवाजी पार्क ते माहीम

दादरला उतरून शिवाजी पार्कवर जावे. मैदानाला वेढा घालणारा कट्टा आहे, एक फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक होते. सकाळ-संध्याकाळ आपल्या वयाच्या बाया तेथे घोळक्याने फिरताना दिसतात. हे मैदान १९२५ साली माहीम पार्क या नावाने झाले. दोन वर्षांनी त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले ते एका नगरसेविकेच्या आग्रहाने. त्या नगरसेविका म्हणजे चौपाटीवर मीठ करणाऱ्या अवंतिकाबाई गोखलेच. त्यांनी १९१८ साली मुंबईत हिंद महिला समाज काढला होता. आपल्यासारख्या मंडळांची ही थोरली बहीणच म्हणायची.

पार्कावरून उत्तरेस माहीमकडे जाणाऱ्या रस्त्याला लोक एल. जे. रोड म्हणतात. एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी, सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. लोक होडीने ये-जा करीत, पावसाळ्यात होड्या उलटून माणसे दगावत. सरकार बांधाला पैसा देईना. तेव्हा अवाबाईंनी सुमारे दीड लाख रुपये स्वतः दिले आणि १८४५-४६ च्या सुमारास तो बांध पुरा झाला. देणगी देताना त्यांनी अट घातली : या वाटेवर सरकारने कुणाकडून कर घेऊ नये. श्रीमंताची बग्गी असो की कोळणीची पाटी, सगळ्यांना वाट मोफत. त्या बांधावरून रोज हजारो गाड्या धावतात, पण त्या बाईची आठवण किती जणांना असेल?

भगिनींनो, मुंबईत समुद्रात भर घालणे अजून थांबलेले नाही. २०२४ पासून किनारी रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला, त्यासाठीही समुद्र हटवला गेला. मोटारींना रस्ते होतच राहतील. पायी चालणाराची वाट मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी अवाबाईंसारखी अट कुणीतरी घालावी लागते.

आपल्याकडे समुद्र नाही. पण संत्र्याला बहर आला की बगीच्यांमधून येणारा सुगंध मुंबईकरांना कुठे मिळणार? सकाळी वावरांकडे जाणाऱ्या वाटा काय कमी सुंदर आहेत? उणे आहे ते एवढेच की त्या वाटांवर आपण कामाशिवाय पाऊल टाकत नाही, आणि दिवस मावळला की दिव्याअभावी टाकताही येत नाही. म्हणून या वर्धापनदिनी माझी मंडळापुढे नम्र सूचना आहे. आठवड्यातून एक दिवस, सायंकाळी, सर्व सभासदांनी मिळून गावाभोवती एक फेरी मारावी. लेकी-सुनांना आणि शेजारणींनाही बरोबर घ्यावे. कोणत्या वाटेवर दिवा नाही, कोठे बसायला बाक हवे, याची यादी करून मंडळाच्या नावाने अर्ज द्यावा. एकटीला लोक "कुठे निघालात?" असे विचारतात, वीस जणींना विचारणार नाहीत. आणि विचारलेच, तर सगळ्यांनी मिळून सांगावे, "सहज, चालायला!"