दूरच्या बोलण्याचा दर

दूर गावी राहणाऱ्या माणसाशी संपर्क ठेवण्याचा खर्च भारतात फार काळ अंतरावर ठरत असे. १८३७ च्या टपाल कायद्यानुसार ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात पत्राचा दर वजन आणि अंतर पाहून आकारला जाई. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचे पत्र पाठवायला एक रुपया पडे. एवढा खर्च परवडे तो व्यापाऱ्यांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना. इतरांचा निरोप गावाकडे निघालेल्या एखाद्या वाटसरूबरोबर जाई.

१ ऑक्टोबर १८५४ पासून ही पद्धत मोडली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्ध्या आण्याचे तिकीट लावले की ते कंपनीच्या मुलखात कुठेही पोहोचू लागले. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड आले आणि पुढच्या वर्षी मनिऑर्डर सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी आणि घाटावरच्या कामगारांचा गावाशी संबंध या दोन सोयींवर टिकला. मनिऑर्डरच्या कुपनावर चार ओळी खरडायला जागा असे. ज्याला लिहिता येत नसे तो दुसऱ्याकडून मजकूर लिहवून घेई. गावी बहुधा पोस्टमनच तो वाचून दाखवी.

दर एकच असल्यामुळे केवळ पत्रांवर पोसलेली मैत्रीही शक्य झाली. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत आणि लोकांत फारसे मिसळत नसत. लेखिका सुनीता देशपांडे यांच्याशी त्यांची मैत्री मुख्यतः पत्रांतूनच वाढली. ही पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तारेच्या वाट्याला असे काही आले नाही. १८५५ मध्ये लोकांसाठी खुली झालेली तार २०१३ पर्यंत चालली. पण तिचे पैसे शब्दांवर मोजले जात, त्यामुळे ती जन्म, मृत्यू, परीक्षेचा निकाल आणि ‘ताबडतोब निघा’ एवढ्यापुरतीच उरली. घरी तार आली की आधी पोटात गोळा येई.

टेलिफोन आला तेव्हा अंतराचा हिशेब पुन्हा सुरू झाला. मुंबईत १८८२ मध्ये एक्सचेंज उघडले, पण परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे. ऑपरेटर एकेका गावच्या एक्सचेंजमधून तार जोडत जाई. अशा जोडण्या मोजक्याच असल्याने साधा कॉल लागायला तासन्‌तास जात. अर्जंट कॉलला दुप्पट आणि लाइटनिंग कॉलला आठपट पैसे पडत. आकारणी तीन-तीन मिनिटांची असे, म्हणून ‘थ्री मिनिट्स ओव्हर’ हे ऑपरेटरचे शब्द कानी पडताच निरोप आवरते घेतले जात. घरोघर फोन नव्हते. लोक शेजाऱ्याचा नंबर पुढे ‘पी.पी.’ लिहून देत, आणि शेजारी हाक मारून बोलावून घेत.

१९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये एसटीडी सुरू झाली. आता ऑपरेटरवाचून थेट नंबर फिरवता येऊ लागला. मात्र मीटर अंतरानुसारच पळे. जवळच्या गावासाठी एक पल्स, म्हणजे आकारणीचे एक एकक, बराच वेळ पुरे, लांबच्या शहरासाठी ती काही सेकंदांतच संपे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने उष्मा आणि धूळ सोसणारी, वातानुकूलनाविना चालणारी छोटी एक्सचेंजेस तयार केली आणि फोन लहान गावांपर्यंत गेला. त्याच दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ नाक्यानाक्यावर दिसू लागले. अनेक बूथ अपंगांना चालवायला देण्यात आले. रात्री उशिरा दर पावपट होत असल्याने वसतिगृहांजवळच्या बूथसमोर त्या वेळी रांगा लागत. बोलणाऱ्याची नजर मीटरच्या लाल आकड्यांवर खिळलेली असे.

परदेशाशी बोलण्याच्या इतिहासात पुणे जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा संदेश खडकीहून सुटत आणि येणारे संदेश दौंडला टिपले जात. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये देशातले पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. विक्रम साराभाई यांचे नाव त्याला देण्यात आले. तरीही परदेशी फोन महागच होता. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे दीर्घकाळ निळ्या एरोग्रामवर आणि आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटवर भिस्त ठेवून होती.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर असे आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. ‘मिस्ड कॉल’ देण्याची रीत या महागाईतूनच रुजली. ऑप्टिकल फायबरच्या एका धाग्यातून हजारो संभाषणे एकदम जाऊ लागल्यावर मात्र अंतराचा खर्च नगण्य झाला. खासगी कंपन्यांच्या स्पर्धेने दर आणखी उतरले. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले. २००६ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी ‘वन इंडिया’ योजनेत देशभरासाठी मिनिटाला एक रुपया असा दर ठेवला. पुढे इंटरनेटवरून बोलण्याची सोय आली आणि देशाच्या सीमेचाही हिशेब उरला नाही.

पत्राला १८५४ मध्ये मिळालेली समान दराची सवलत बोलण्याला मिळायला दीडशे वर्षे लागली. या काळातली यंत्रे शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी घडवली, पण दूरची मैत्री सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती दर अंतरापासून सुटला तेव्हाच.