धरमतरच्या खाडीवर तरंगता पूल का नाही?

मागच्या व्याख्यानात अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवराचा विषय निघाला, तेव्हा उरणच्या एका श्रोत्यानं विचारलं, ''मग आमच्या करंजा-रेवसला असा पूल का नाही?'' प्रश्न साधा वाटतो, पण उरणचा बराच इतिहास त्यात आहे.

त्या सरोवरावर १९४० साली काँक्रीटच्या पोकळ पेट्या तरंगत ठेवून पूल केला. पाणी खोल आणि तळ मऊ, म्हणून खांब नकोत. पण खरी सोय वेगळीच होती. तिथल्या पाण्याची पातळी दरवाजांनी आवरलेली आहे, वर्षभरात फरक पडतो तो दोनेक फुटांचा. तरीही १९९० मध्ये दुरुस्ती चालू असताना वादळात पेट्यांत पाणी शिरलं आणि जुना पूल बुडाला!

आता आपली खाडी बघा. उधाणाला भरती आणि ओहोटीत चार मीटरपेक्षा जास्त फरक, आणि तोही दिवसातून दोन वेळा. पूल पाण्याबरोबर वर-खाली होईल हो, पण किनारा कुठे होतो? काठाशी जोडणारा उतार ओहोटीला जिन्यासारखा उभा होणार. शिवाय करंज्याच्या मच्छीमार होड्या आणि धरमतरकडे जाणारे बार्ज कुठून जाणार? प्रयागच्या कुंभात पिंपांचे पूल बांधतात, पण ते नदीवर आणि मेळ्यापुरते.

म्हणून इथे पुलाचं काम तरीनं केलं, पुढे लाँचनं. पाण्यातून अगदी थोडा वेळ, रस्त्यानं मात्र पेण-वडखळचा वळसा. गाळ साचला की ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, मग माणसं पाणी चढायची वाट बघत बसतात. उरणकरांच्या घड्याळात भरतीचा काटा वेगळा असतो, तो असा.

पक्क्या पुलाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० च्या सुमारास पुढे आली. नंतर ती कागदावर राहिली. गंमत अशी, की १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला, २१.८ किलोमीटर लांबीचा, आणि त्याचं एक टोक उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरलं. मुंबई जोडली गेली. डोळ्यांसमोर दिसणारं रेवस मात्र लाँचवरच राहिलं. हा प्राधान्याचा प्रश्न होता, अभियांत्रिकीचा नाही, असं माझं मत आहे.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गातला पूल म्हणून ते काम रस्ते विकास महामंडळाकडे आहे. तोही खांबांवरचाच, खालून होड्या जातील इतका उंच.